दहाच्या आधीचा आवाज

"काका, दहा वाजेपर्यंत चालतं." वरच्या मजल्यावर आवाज जरा कमी करा असं सांगायला गेलेल्या माणसाला आपल्याकडच्या कुठल्याही इमारतीत हेच उत्तर मिळतं. वेळ असते दुपारची चारची. खाली कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, कोणाची दहावीची परीक्षा तोंडावर असते, कोणी नुकतंच इस्पितळातून घरी आलेलं असतं. उत्तर देणारा मुलगा उर्मट नसतो, त्याला खरोखरच तसं वाटत असतं. जिना उतरून परत येणाऱ्यालाही तेच वाटतं. कायदा आपल्या बाजूचा नाही, आता दहाची वाट बघायची.

दोघांचाही समज चुकीचा आहे. रात्रीचे दहा ही आपल्या कायद्यातली एक रेषा आहे, पण ती एकमेव नाही. दहानंतर काही गोष्टींना सरसकट बंदी आहे. दहाच्या आधी जी मुभा आहे ती मर्यादेतल्या आवाजाची, वाटेल तेवढ्या आवाजाची नव्हे. ही मर्यादा आकड्यांत लिहिलेली आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे लाखो लोक रोज सोळा तास असं काही सोसतात जे सोसण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीच केलेली नाही.

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने १४ फेब्रुवारी २००० रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम लागू केले. शेजारच्या आवाजाविषयी बोलायचं तर आधी हे नियम हाताशी हवेत. त्यांत वस्तीचे चार प्रकार केले आहेत. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०, उरलेली रात्र. म्हणजे आपण राहतो त्या वस्तीत भर दुपारीही परिसरातल्या आवाजाची सरासरी पातळी ५५ च्या आत असावी अशी अपेक्षा आहे. दोन माणसं समोरासमोर बसून साध्या आवाजात बोलतात तेव्हा साधारण ६० डेसिबल होतात. यावरून ५५ हा आकडा किती सौम्य आहे ते कळेल.

२०१० साली या नियमांत एक दुरुस्ती झाली. शेजाऱ्यांच्या भांडणात सगळ्यात उपयोगी पडणारं कलम तेच, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेलंही तेच. खासगी मालकीची ध्वनियंत्रणा किंवा आवाज करणारं वाद्य त्या खासगी जागेच्या हद्दीवर मोजलं असता परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये, असं ते सांगतं. निवासी भागासाठी हिशेब सरळ आहे, दिवसा ६० आणि रात्री ५०. घरात काय वाजवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. हद्द ओलांडताना ते किती उरलेलं असावं हे मात्र नियमाने ठरवून दिलं आहे. सार्वजनिक जागेवरच्या ध्वनिक्षेपकाला हीच सवलत १० डेसिबलची, पण कुठल्याही परिस्थितीत ७५ च्या वर नाही. निवासी भागात म्हणजे दिवसा ६५.

ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, तीही दिवसा. सोसायटीच्या आवारात सत्यनारायणाच्या पूजेला भोंगा लावायचा असेल तरी लागते. आपलंच आवार, आपलीच पूजा, मग परवानगी कशाला, असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. भोंग्याचा आवाज आवारात थांबत नाही, हे त्याचं उत्तर. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक, वाद्यं आणि ध्वनिवर्धक बंद. सभागृह, परिषदेची खोली, मंगल कार्यालय यांसारख्या बंदिस्त जागेतल्या आतल्या आत चालणाऱ्या कार्यक्रमांना आणि सार्वजनिक आणीबाणीला तेवढी सूट आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. गणपती, नवरात्र, शिवजयंती, ३१ डिसेंबर अशा तारखा त्या यादीत येतात. पण वाढते ती वेळ. डेसिबलची मर्यादा त्या रात्रीही तशीच उभी असते, हे मंडळांना आणि पुष्कळदा बंदोबस्तावरच्या हवालदारालाही सांगावं लागतं.

निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायचा नाही, आवाजाचे फटाके फोडायचे नाहीत, आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवायची नाहीत, हेही याच नियमांत आहे. शेजारच्या प्लॉटवर रात्री साडेअकराला काँक्रीट ओतणारा बिल्डर "आजच्या दिवस" असं म्हणतो तेव्हा त्याला सूट देणारा एकही शब्द नियमांत नाही. शांतता क्षेत्राबद्दल मात्र एक खुलासा हवा. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र होतात असं पुष्कळांना वाटतं. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केलं असेल तरच ते शांतता क्षेत्र. घराजवळ दवाखाना आहे म्हणून ५० चा आकडा धरून तक्रार करायला निघालेल्याने हे आधी तपासून घ्यावं.

आता हा डेसिबल नावाचा प्राणी. त्याची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी होत नाही आणि गैरसमज तिथेच होतात. ६० डेसिबलचा एक स्पीकर आणि त्याच्या शेजारी तसाच दुसरा लावला तर १२० होत नाहीत, ६३ होतात. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट. कानाला मात्र ती दहापट ऊर्जा साधारण दुपटीने मोठी वाटते. म्हणून "फक्त दहा डेसिबलच तर जास्त आहे" हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. त्या दहात बरंच काही मावतं.

नियमांतला आकडा ठरावीक काळातल्या ध्वनिऊर्जेची सरासरी असतो, एखाद्या क्षणाचा उच्चांक नसतो. त्यामुळे दार एकदा धाडकन आपटलं आणि मोबाइलवरच्या अॅपने ८२ दाखवलं, तर त्याने नियमभंग सिद्ध होत नाही. मोबाइलचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो, फोन बदलला की आकडा बदलतो. पोलीस किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रमाणित केलेलं ध्वनिमापक वापरतं, आणि न्यायालयात वजन त्याच्या आकड्याला असतं. तरीही अॅप अगदीच निरुपयोगी नाही. आवाज किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, रोज त्याच पट्ट्यात आहे का, हे नोंदवायला ते पुरेसं आहे. तक्रार पुढे टिकते ती नोंदींवर.

या सगळ्याला न्यायालयाचं बळ मिळालं त्याच्या मुळाशी एक फार दुःखद घटना आहे. तेरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार झाला. तिच्या किंकाळ्या शेजारी ध्वनिक्षेपकावर वाजणाऱ्या गाण्यांत बुडून गेल्या, मदतीला कोणी आलं नाही, आणि नंतर त्या मुलीने स्वतःला जाळून घेतलं. ही बातमी वाचून अनिल मित्तल या अभियंत्याने १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. १८ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी तिच्यावर निकाल दिला. आवाजाविषयीचं भारतातलं पुढचं बहुतेक सगळं या निकालावर उभं आहे.

निकालाचा गाभा असा. शांतपणे आणि सन्मानाने जगणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जीविताच्या हक्काचा भाग आहे. भाषणस्वातंत्र्य आहे, पण समोरच्याला ऐकायला भाग पाडण्याचं स्वातंत्र्य त्यात येत नाही. बोलणाऱ्याला जसा बोलण्याचा हक्क आहे तसा ऐकणाऱ्याला न ऐकण्याचा आहे. आणि आपल्या या प्रकरणासाठी सर्वांत मोलाचं म्हणजे, स्वतःच्या चार भिंतींच्या आत असतानाही हद्द ओलांडून शेजाऱ्याला त्रास देईल असा आवाज करण्याचा हक्क कोणीही सांगू शकत नाही. "माझ्या घरात मी काहीही करीन" हे वाक्य या देशाच्या कायद्यात त्या दिवसापासून निकालात निघालेलं आहे.

न ऐकण्याचा हक्क ही कल्पना मला फार महत्त्वाची वाटते. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. वर्तमानपत्र नको असेल तर उघडत नाही, दूरचित्रवाणी बंद करतो. भिंतीतून येणाऱ्या आवाजापुढे माणसाच्या हातात काहीच उरत नाही, आणि आवाजापेक्षा ही हतबलताच त्याला जास्त कुरतडते.

मात्र शेजारच्या घरातून येणारा प्रत्येक आवाज कायद्याच्या कक्षेत येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तान्हं बाळ रात्री दोनला रडतं. वृद्धाला खोकल्याची उबळ येते. नळाला पहाटे पाचला पाणी येतं म्हणून बादल्या वाजतात. हे जगणं आहे. १९९९ साली लंडनच्या साउथवर्क भागातल्या सरकारी सदनिकांचं एक प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायपीठापर्यंत गेलं. भाडेकरूंचं म्हणणं होतं की शेजाऱ्यांच्या घरातलं बोलणं, चालणं, टीव्ही, सगळं ऐकू येतं. तक्रार खरी होती, हे कोणी नाकारलं नाही. पण शेजारी काही वावगं करत नव्हते, आपल्या घरात फक्त राहत होते. दोष इमारतीच्या जुन्या बांधकामात होता आणि सर्वसाधारण वापरातून निघणारा आवाज हा उपद्रव ठरत नाही, असा निर्णय झाला. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या निम्म्या तक्रारी याच जातीच्या असतात.

त्या का उद्भवतात हे समजून घेतलं तर पुष्कळ कटुता टळेल. आवाज दोन वाटांनी घरात येतो. बोलणं, गाणं, टीव्ही हा हवेतून येणारा आवाज. तो भिंतीवर आदळतो, आणि भिंत जितकी जड तितका तो अडतो. नऊ इंची विटांची भिंत त्याला चांगलीच थोपवते, चार इंची भिंत कमी. खिडकी उघडी असेल तर दोन्ही भिंतींचा काही उपयोग नाही, तो बाहेरून वळसा घालून येतो. दुसरा आवाज आघाताचा. टाच आपटत चालणं, खुर्ची ओढणं, लाकडी पाटावर नारळ फोडणं. इथे स्लॅबच कंप पावतो आणि खालच्या खोलीचं अख्खं छत स्पीकर होऊन बसतं.

सकाळच्या चहासाठी कोणी ओट्यावर लोखंडी खलबत्ता ठेवून वेलची आणि आलं कुटतं तेव्हा काय होतं ते पाहा. बत्त्याचा घाव खलातून ग्रॅनाइटच्या ओट्यात उतरतो. ओट्याचं एक टोक भिंतीत बसवलेलं असतं, म्हणून घाव भिंतीत जातो, भिंतीतून काँक्रीटच्या खांबात, आणि खांबातून दोन मजले वर आणि दोन मजले खाली. वर कुटणारीच्या कानाला हा आवाज किरकोळ असतो. खाली ज्याची उशी त्याच भिंतीला टेकलेली आहे त्याला मात्र कोणी मुद्दाम ठोकतंय असं वाटतं, आणि तेही नेमकं आपल्याच डोक्यावर. बरं, काँक्रीट आवाजाची दिशा इतकी बेमालूम फिरवतं की पाचव्या मजल्यावरच्या ठोक्यांसाठी चौथ्या मजल्यावरच्या बाईंशी वर्षभर अबोला धरलेली घरं सापडतात. खलाखाली चौपदरी फडकं किंवा रबराची जाड चकती ठेवली की घाव ओट्यापर्यंत पोचायच्या आत बराचसा विरतो. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, मिक्सर आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबरी तुकडे, मुलं खेळतात तिथे सतरंजी. हे उपाय वरच्या घरातच करावे लागतात, कारण आघाताचा आवाज जिथे जन्मतो तिथेच अडवणं सोपं असतं. खालच्याने छताला कितीही थर्माकोल लावला तरी फरक जवळजवळ पडत नाही.

म्हणून पहिली पायरी बोलण्याची. सौजन्य हे कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की वरच्या घराला आपला आवाज खाली कसा पोचतो हे बहुधा ठाऊकच नसतं. त्यांना एकदा आपल्या घरात बोलवावं, बसवावं आणि वर कोणाला तरी खुर्ची ओढायला सांगावी. आवाज चालू असताना, संतापाच्या भरात वर जाऊन बोलू नये. दुसऱ्या दिवशी, शांतपणे, आणि एकच नेमकी मागणी घेऊन जावं. "तुमचा फार त्रास होतो" याला कोणाकडेच उत्तर नसतं. "रात्री अकरानंतर पलंग सरकवू नका" याला हो किंवा नाही म्हणता येतं.

आणि एक गोष्ट मुळीच करू नये, ती म्हणजे बदला. झाडूच्या दांड्याने छत ठोकणं, आपलाही स्पीकर त्यांच्या भिंतीला लावणं. याविषयीचा खटला सव्वाशे वर्षांहून जुना आहे, आणि नुकसानीच्या कायद्याच्या वर्गात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. लंडनच्या ब्रिक्सटन भागात एका जोडघरात ख्रिस्टी नावाचं कुटुंब राहायचं. आई संगीत शिकवायची, मुलगी व्हायोलिन वाजवायची. मधल्या सामाईक भिंतीपलीकडे डेव्ही नावाचे लाकडावर कोरीवकाम करणारे गृहस्थ होते. त्यांनी काही काळ सोसलं, मग एक चिडखोर पत्र लिहिलं, आणि त्यानंतर तिकडे शिकवणी सुरू झाली की इकडे भिंत ठोकणं, तबकं बडवणं, शिट्ट्या मारणं, ओरडणं असा सपाटा लावला. १८९३ साली न्यायमूर्ती नॉर्थ यांनी निकाल दिला तो डेव्हींच्या विरुद्ध. त्यांच्या दृष्टीने संगीताच्या शिकवण्या हा घराचा रास्त वापर होता. डेव्हींचा गोंगाट शेजाऱ्याला छळण्याच्या हेतूने केलेला होता, आणि केवळ त्या हेतूमुळे तो बेकायदा ठरला. मुळात ज्याला त्रास होत होता त्याच्यावरच मनाई हुकूम निघाला.

डेव्हींबद्दल मला सहानुभूती वाटते. भिंतीपलीकडे व्हायोलिन शिकणारा असला की काय होतं हे ज्याने भोगलंय त्याला वाटणारच. पण कायदा इथे बरोबर होता. आणि यातून रियाज करणाऱ्यांची बाजूही कळते. दिवसा, मर्यादेत, गळा किंवा तबला तयार करणं हा त्यांचा हक्क आहे. शेजाऱ्याला शास्त्रीय संगीत आवडत नाही म्हणून तो हक्क जात नाही.

"आम्ही आधीपासून इथे आहोत, तुम्ही नंतर आलात," हा दुसरा नेहमीचा युक्तिवाद. गिरणी, सुतारकाम, गाड्यांचं गॅरेज, सगळीकडे तो ऐकू येतो. १८७९ च्या एका इंग्लिश खटल्यात एका मिठाईवाल्याचे मोठे खलबत्ते वीस वर्षांहून अधिक काळ चालू होते. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला, त्या भिंतीलगत, तपासणीची खोली नंतर बांधली. तरी जिंकला डॉक्टर. "इथे तसाही गोंगाट आहेच" हा याचाच भाऊ. त्याला उत्तर अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका पिठाच्या गिरणीच्या प्रकरणात दिलं. भाग आधीच गजबजलेला असला तरी नव्या आवाजाने त्यात लक्षणीय भर पडत असेल आणि राहणाऱ्यांच्या स्वास्थ्यात खरोखर बाधा येत असेल, तर तो उपद्रवच.

बोलून भागलं नाही तर पुढची पायरी सोसायटी. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सभासदाने आपल्या सदनिकेत इतरांना त्रास, गैरसोय किंवा उपद्रव होईल असं काही करू नये अशी स्पष्ट तरतूद आहे. तक्रार सचिवांकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि ती समितीच्या सभेपुढे ठेवायला सांगावं. सोसायटीच्या मोबाइलवरच्या गटावर टाकलेला संदेश म्हणजे तक्रार नव्हे. त्याने फक्त बाजू पडतात आणि वातावरण तापतं. उपविधी मोडणाऱ्याला नोटीस देऊन, त्याचं म्हणणं ऐकून दंड करता येतो. पाणी तोडणं किंवा लिफ्ट बंद करणं असल्या शिक्षा देण्याचा अधिकार समितीला नाही. त्रास देणारा भाडेकरू असेल तर पत्र घरमालकालाही जायला हवं.

दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, रविवारी दुरुस्तीचं काम नाही, हे नियम बहुतेक सोसायट्यांत असतात. ते कायद्याचे नाहीत, सर्वसाधारण सभेने ठरवलेले असतात. ठराव झालेला असेल तरच ते बंधनकारक, म्हणून ज्या इमारतीत नाहीत तिथे पुढच्या सभेत करून घ्यावेत. फ्लॅटची तोडफोड सुरू होण्याआधी किती दिवस काम चालणार आणि कोणत्या वेळेत, हे लेखी घेणं त्यातच यावं. कुत्र्यांचं उलटं आहे. कुत्री भुंकतात म्हणून पाळीव प्राण्यांवर बंदी घालण्याचा ठराव बहुमताने झाला तरी टिकत नाही, भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. दिवसभर घरात एकटं कोंडलेलं कुत्रं भुंकतं ते बहुधा एकटेपणाने, आणि त्यावरचा इलाज मालकाच्या हातात असतो.

मग पोलीस. मध्यरात्री गच्चीवर डीजे चालू आहे, मंगल कार्यालयाचं दार उघडं टाकून बँड वाजतोय, अशा वेळी सोसायटीच्या सभेची वाट पाहण्यात अर्थ नाही. ११२ वर फोन करावा. पुष्कळ लोक हा फोन करत नाहीत, कारण हवालदार येतो आणि सगळ्यांदेखत विचारतो, "तक्रार कोणी केली?" त्यानंतर त्या इमारतीत राहायचं असतं. ही भीती खरी आहे, आणि ती न्यायालयाने ओळखली आहे. कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवासी संघटनांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २३ जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला. न्यायमूर्ती अजय गडकरी आणि श्याम चांडक यांच्या खंडपीठाने पोलिसांना बजावलं की आवाजाची तक्रार आली तर तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करा, आणि त्याचं नाव समोरच्याला कळू देऊ नका. भोंगा हा कुठल्याही धर्माचा अनिवार्य भाग नाही, हेही त्याच निकालात आहे. त्याआधी २०१६ च्या ऑगस्टमध्ये ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने आवाजाविषयी राज्य सरकारला सविस्तर निर्देश दिले होते. महाराष्ट्रात या बाबतीत जे काही थोडंफार हललं, ते अशा चिवट नागरिकांमुळे. मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलाली वर्षानुवर्षं ध्वनिमापक हातात घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे सणांतले आकडे वर्तमानपत्रांत छापून यायला लागले.

फोनने त्या रात्रीचा आवाज थांबतो. रोजचा थांबवायचा तर अर्ज लागतो. परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल, किंवा रात्रीच्या बंधनांचा भंग होत असेल, तर २००० च्या नियमांतल्या ७ व्या नियमाखाली प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. पोलीस आयुक्त, जिल्हा दंडाधिकारी किंवा उपअधीक्षक दर्जापेक्षा कमी नसलेला नेमलेला अधिकारी म्हणजे हा प्राधिकारी. अर्जात "सतत त्रास होतो" लिहिण्यापेक्षा दोन आठवड्यांची वही जोडावी. तारीख, सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, कसला आवाज, आपल्या कोणत्या खोलीत ऐकू आला, घरातल्या कोणाला काय झालं. शक्य असेल तर आणखी एका घराची सही. पोलीस ठाण्यात आवक शिक्का मारलेली प्रत मागून घ्यावी. ती देणं म्हणजे त्यांचे उपकार नव्हेत.

आठवा नियम याहून धारदार आहे, आणि आकड्यावर अडून बसलेला नाही. लोकांना किंवा शेजारी राहणाऱ्यांना होणारा त्रास, अस्वस्थता किंवा इजा टाळण्यासाठी गरज आहे अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली तर कुठल्याही जागेतलं गाणं-वाजवणं, ध्वनिक्षेपक, फटाके, किंवा आवाज करणारा धंदा तो लेखी हुकमाने थांबवू शकतो किंवा त्यावर अटी घालू शकतो. खात्री पटवायला पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा अहवाल चालतो, तशीच तक्रारदाराने दिलेली माहितीही चालते. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३८ वं कलमही जवळजवळ हेच सांगतं. म्हणजे "आमच्याकडे मशीन नाही" हे ठाण्यातलं उत्तर अपुरं आहे. तळमजल्यावरच्या दुकानात पहाटे चालणारं लोखंड कापण्याचं यंत्र बंद करायला प्रत्येक वेळी डेसिबलचा आकडा लागत नाही. ज्याच्याविरुद्ध असा हुकूम निघतो त्यालाही तो बदलून किंवा रद्द करून मागण्याचा आणि आपलं म्हणणं मांडण्याचा अधिकार त्याच नियमात दिलेला आहे, आणि तो असायलाच हवा.

शिक्षांचं चित्र अलीकडे बदललं आहे. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला २९२ व्या कलमाखाली १,००० रुपयांपर्यंत दंड आहे. उपद्रव थांबवण्याचा हुकूम मिळूनही जो चालू ठेवतो त्याला २९३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. पर्यावरण संरक्षण कायद्यातली पूर्वीची पाच वर्षांपर्यंतची कैद १ एप्रिल २०२४ पासून गेली. तिच्या जागी १०,००० ते १५ लाख रुपये दंड आला. कैद गेली म्हणून काहींनी टीका केली. मला त्यात फारसं नुकसान दिसत नाही. शेजाऱ्याला पाच वर्षं तुरुंगात घालायला ना तक्रारदार धजावत होता ना पोलीस, आणि न वापरल्या जाणाऱ्या शिक्षेचा धाक उरत नाही.

दिवाणी न्यायालय हा शेवटचा दरवाजा. आवाजाविरुद्ध मनाई हुकूम मागता येतो, तातडीची गरज दाखवली तर तात्पुरता हुकूमही मिळतो. तिथे न्यायाधीश विचारतात ते साधं असतं. आवाज किती, कोणत्या वेळी, किती दिवस, वस्ती कसली, सर्वसाधारण सोशीक माणसाला तो असह्य झाला असता का, आणि करणाऱ्याचा हेतू काय. अतिसंवेदनशील माणसाचं माप लावलं जात नाही. अख्ख्या गल्लीला त्रास असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ९१ व्या कलमाखाली दोन किंवा अधिक माणसांना, स्वतःचं वेगळं नुकसान झालेलं नसतानाही, न्यायालयाच्या परवानगीने दावा लावता येतो. दाव्याला वर्षं लागतात. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व समेटासाठी अर्ज करून पाहावा. खर्च नगण्य असतो, दोन्ही घरं एका टेबलाशी बसतात, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं. अशा तडजोडीत वेळा, खोल्या आणि वाद्यं नावानिशी लिहून घ्यावीत. "रात्री साडेनऊनंतर ड्रमसेट नाही, रविवारी दुपारी एक ते चार सरावाला मोकळीक" असं कागदावर आलं की ड्रम शिकणाऱ्या मुलालाही आपले तीन तास हक्काचे मिळतात.